चर आतल्या अंगाला

इंग्लंडमधली माझी एकतीस वर्षं बांधावर गेली. पायात वेलिंग्टन बूट, गळ्यात दोरीने अडकवलेला ड्रॉइंग बोर्ड, बोटांत टोकदार पेन्सिल, आणि समोर धुक्यात हरवत जाणारा मातीचा एक लांबलचक उंचवटा. मराठी लोकांच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की मी म्हणायची, "सर्व्हे." मग लोकांना वाटायचं, ही बाई प्रश्नावली घेऊन दारोदार फिरते. लंडनमध्ये एजवेअरला एका नामकरणाच्या जेवणात एका मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मग आमच्या गल्लीतल्या कचऱ्याच्या बिन्सचं तेवढं लिहून घ्या ना, दोन आठवडे कुणी फिरकलं नाही." मी लिहून घेतलं. खरं काम समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

खरं काम असं. मध्ययुगात इथले राजे, बिशप आणि मोठे जमीनदार हरणं पाळायला रानं राखून ठेवत. त्यांना डिअर पार्क म्हणत. पार्कभोवती मातीचा बांध घालायचा, बांधावर ओकच्या चिरलेल्या फळ्यांचं कुंपण रोवायचं, आणि बांधाच्या पायथ्याशी चर खणायचा. फळ्या केव्हाच कुजून गेल्या. हरणं गेली, जमीनदार गेले, त्यांची नावंही पुसली. बांध मात्र राहिला. कुठे डोक्याएवढा, कुठे गुडघ्याएवढा, तर कुठे गवतात कुत्रं निजलंय एवढाच. तो शोधायचा, मोजायचा, कागदावर काढायचा आणि तो नक्की काय आहे हे खाली सही करून लिहून द्यायचं. त्या सहीवर पुढे बरंच काही ठरतं. बांध जुना निघाला तर कौन्सिल त्याला हात लावू देत नाही. नाही निघाला, तर तो मातीचा ढीग.

माझ्या वडिलांना मी ही नोकरी धरल्याचं कळलं तेव्हा त्यांनी नागपूरहून फोन केला. म्हणाले, "इतकी शिकलीस, परदेशी गेलीस, आणि शेवटी शीवच मोजायला लागलीस?" त्यांच्या त्या प्रश्नाकडे मी पुढे येते. आधी मेडनहेडचा किल्ला.

एका शनिवारी फोन आला. "ताई, मी विक्रम बोलतोय, मेडनहेडहून. तुमचा नंबर ग्रुपवर मिळाला. आमच्या बॅक गार्डनच्या मागे ना, एक किल्ला आहे."

"किल्ला?"

"म्हणजे रॅम्पार्ट. प्रॉपर तटबंदी. मी पुण्यात असताना पन्नासेक किल्ले केलेत, ताई. मला कळतं."

आपल्या माणसाला जगात कुठेही नेऊन सोडा, तो आधी किल्ला शोधतो. मी रविवारी गेले. त्याच्या बायकोने, मीराने, पोहे केले होते. सगळ्या गार्डनला पुरेल एवढी ट्रॅम्पोलिन होती, तिच्या मागे लाकडी फेन्स, आणि फेन्सपलीकडे बीचच्या झाडांखालून एक देखणा, रुंद पाठीचा बांध पानांच्या तांबूस गालिच्यातून निघून गेला होता. मला तर तो पाहताक्षणीच कळला. पण विक्रमच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की मी जरा दमाने घेतलं.

"खंदक कुठाय?" मी विचारलं.

"हा काय, आपल्या साइडला."

"आणि आपण आत आहोत की बाहेर?"

तो थबकला. पन्नास किल्ले केलेला माणूस होता. किल्ल्याचा खंदक बाहेरच्या अंगाला असतो हे त्याला माहीत होतं, कारण शत्रू बाहेरून येतो. इथे बांध दोन्ही टोकांना त्याच्याच गार्डनला कवेत घेत वळला होता, म्हणजे आम्ही आत होतो, आणि चरही आतल्या अंगाला होता.

"म्हणजे शत्रू आत होता?"

"हरणं आत होती."

"ओह," विक्रम म्हणाला. "म्हणजे हे... कंपाउंड आहे?"

मीरा इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. मग मी त्याला समजावलं. हरणाला उडी मारायची तर ते आधी चरात उतरतं, आणि चरातून वर बघितलं की बांध आणि वरचं कुंपण मिळून दुप्पट उंच होतं. म्हणून चर आतून. काही पार्कांना तर एक लबाड जागा ठेवलेली असे. तिथे बाहेरून जमीन कुंपणाच्या बरोबरीला आणलेली. रानातलं मोकळं हरीण सहज उडी मारून आत यायचं, आणि आत आलं की परतीची उडी त्याच्या आवाक्यात नसायची. इंग्रजीत तिला डिअर-लीप म्हणतात.

विक्रमने वळून बांधाकडे बघितलं. "आपल्यासारखंच की. मी दोन वर्षांसाठी ऑनसाइट आलो होतो, ताई. आता सोळावं चालू आहे."

"आणि दर रविवारी म्हणतो, नेक्स्ट इयर नक्की परत जाऊ," मीरा म्हणाली.

तर चर आतल्या अंगाला असेल तर हरणांचा बांध, बाहेरच्या अंगाला असेल तर दुसरं काहीतरी. हे सूत्र मी त्या दिवशी पोहे खात मोठ्या ठसक्यात सांगितलं. त्याच सूत्राने पुढे माझा घात केला.

आमचा हंगाम हिवाळा. लोक घरात हीटिंग लावून बसतात तेव्हा आम्ही बाहेर. उन्हाळ्यात जमीन काही बोलत नाही, नेचे छातीएवढे वाढलेले असतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत नेचे तपकिरी होऊन आडवे पडतात आणि दुपारी तीनच्या सुमाराला सूर्य अगदी जमिनीला घासून जायला लागतो. मग ते होतं. दुपारी बाराला ज्या कुरणात काहीच नव्हतं, त्यातून सावल्या वर येतात. एक बांध येतो, वळतो, चार बुजलेल्या खड्ड्यांना टाळून पुढे जातो. चरात दहिवर पांढरं राहिलेलं असतं, कारण तिथे ऊन पोचलेलंच नसतं. जेमतेम अर्धा तास. मग सूर्य टेकडीआड जातो आणि सगळं पुन्हा मातीत बुडतं.

त्या अर्ध्या तासात मी कुठल्या शतकात आहे हे मला नीट सांगता आलं नसतं. पेन्सिल चालत असायची, पाय चालत असायचे, आणि कुठेतरी ओकच्या फळीवर हातोडा पडल्याचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटायचा. सुतारपक्षी असायचा तो. तरीही मी दरवेळी थांबून ऐकायची. कितीतरी संध्याकाळी घरी पोचून मी चहा ठेवायची आणि गॅससमोर नुसती उभी राहायची. माझे यजमान विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होते, माझं ऑफिस होतं त्याच ब्रिस्टलला. ते विचारायचे, "आलीस का?" आणि मी म्हणायची, "येतेय, अजून येतेय."

कागदावर उतार दाखवायची आमची एक रीत आहे. बेडकाच्या पिल्लांसारख्या बारीक बारीक रेघा काढायच्या, जाड डोकं वरच्या कडेला आणि निमुळतं शेपूट उताराच्या दिशेला. अशी शेकडो पिल्लं ओळीने बसली की बांध उभा राहतो. शेतात पेन्सिलने काढायचं आणि मग ऑफिसात शाईने गिरवायचं.

आणि चालायचं. मोजण्याआधी नुसतं चालायचं. हे मला इथल्या युनिव्हर्सिटीने शिकवलं नाही, माझ्या आजोबांनी शिकवलं.

आमचं घराणं विदर्भातल्या एका खेड्यातलं. गावाची शीव राखणं हे पिढीजात आमच्याकडे. दोन गावांत शिवेवरून भांडण पेटलं की महाराला बोलवायचं आणि तो चालेल ती शीव, असा रिवाज होता. सगळा गाव मागे, आजोबा पुढे, अनवाणी. ते म्हणायचे, शीव डोळ्यांना दिसत नाही, तळव्याला कळते. आणि हे सगळं झाल्यावर त्याच आजोबांना त्याच गावात पाणी वरून ओतून मिळायचं. ज्याची सावली चालत नव्हती, त्याचा शब्द मात्र चालायचा. बाबासाहेबांनी धम्म दिला आणि माझ्या वडिलांनी ते काम, ते गाव, सगळं मागे टाकून नागपूर गाठलं. म्हणून तो फोनवरचा प्रश्न. मी तेव्हा त्यांना म्हटलं होतं, "बाबा, इथे माझ्या शब्दाला सही आहे, आणि ऑफिसात माझ्या नावाची खुर्ची आहे." ते म्हणाले, "मग ठीक आहे." पण त्यांना ते ठीक वाटलं नव्हतं.

आजोबा म्हातारपणी नागपूरला आमच्याकडे आले तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. घराजवळच्या मैदानाची कडही ते संध्याकाळी चालायचे. एका बाजूने जायचे, दुसऱ्या बाजूने परत यायचे. मी कंटाळून म्हणायची, "आजोबा, तेच तर आहे." ते म्हणायचे, "एका बाजूनं चाललेली शीव अर्धीच कळते, पोरी. ज्याच्या अंगाला तू गेली नाहीस, त्याची साक्ष राहिली ना." मी हा नियम ऑफिसात आलेल्या प्रत्येक नव्या मुलामुलीला सांगितला. आमची मुख्य मार्गारेट त्याला 'आजोबांचा नियम' म्हणायची, तेही मराठी शब्दात, 'आज्योबा'.

आता लेन नावाच्या एका म्हाताऱ्याची गोष्ट.

ब्रिस्टलपासून तासाभरावर एक टेकडी आहे. वर एक भलंमोठं जुनं घर, आता त्याचं हॉटेल झालंय, लग्नंबिग्नं होतात. खाली ओढ्याच्या अंगाला तीन कॉटेजेस आणि भाजीपाल्याचे वाफे. मधून एक बांध, त्यावर हेझल आणि हॉथॉर्नच्या झुडपांची हेज, म्हणजे जिवंत कुंपण, मधूनमधून एखादा ओक, साधारण तीनशे पावलं. वरच्या कुरणात घरं बांधायला एका कंपनीने परवानगी मागितली होती. बांध सपाट करून तिथून त्यांचा रस्ता जाणार होता. बांध काय आहे ते शुक्रवारपर्यंत लिहून द्यायचं होतं. मी गेले तो बुधवार, नोव्हेंबरचा, आडवा पाऊस.

बांधावर एक म्हातारा कोयता घेऊन हेज निजवत होता. ही इथली जुनी कला. खोड बुंध्याशी तीन हिस्से कापायचं, चौथा हिस्सा जिवंत ठेवायचा आणि सगळं आडवं वाकवून विणायचं. झाड मरत नाही, आडवं जगतं आणि वरून नवे फुटवे काढतं.

"ऑल राइट, माय लव्हर?" म्हातारा म्हणाला.

इकडे हे सगळ्यांना म्हणतात, पोस्टमनलाही. पहिल्या वर्षी मी दचकायची, आता मीही मान डोलावते. तो लेन. ऐंशीच्या पुढचा, कॉटेजेसपैकी शेवटच्यात एकटा राहणारा. त्याचा बाप हीच हेज निजवायचा, त्याच्याआधी त्याचा आजा.

"कशाचा आहे हा बांध?" मी विचारलं.

"पार्कचा. हरणांचा. बाप सांगायचा."

"काही कागद आहे?"

"कागद नाही. बाप होता." त्याने कोयता टोपीला पुसला. "ते सगळं सपाट करणार आहेत. तू लिहिलंस की जुना आहे, तर नाही करणार. खरं ना?"

"मी जे दिसेल ते लिहिते," मी म्हटलं. हे वाक्य मला त्या काळी फार आवडायचं.

"मग इकडे ये. माझ्या बाजूने बघ. किटली चढवतो, तोवर पाऊसही कमी होईल."

मी घड्याळ बघितलं. साडेतीन. अजून अर्धा बांध काढायचा होता. त्याच्या बाजूला कमरेएवढ्या ब्रॅम्बलच्या काटेरी जाळ्या होत्या. मी म्हटलं, "थँक यू, पण खरंच वेळ नाही." बांधावर चढून मी वरूनच पलीकडे वाकून बघितलं. काट्यांखाली चर होता. चर पलीकडे, कॉटेजेसच्या अंगाला. म्हणजे बाहेरच्या अंगाला. सूत्र लागू पडलं. हा पार्कचा बांध नव्हता, फार तर दोनशे वर्षांपूर्वीचा शेताचा बांध, आणि पाणी काढायचा चर.

जाताना मी त्याला सांगितलं. निदान तेवढा प्रामाणिकपणा होता. "मला वाटतं, तो इतका जुना नाही."

लेनने टोपी डोक्यावर सारखी केली. मग म्हणाला, "म्हणजे माझा बाप खोटं बोलत होता." आणि पुन्हा कोयता चालवायला लागला.

शुक्रवारी रिपोर्ट गेला. ख्रिसमस आला, गेला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी ते पेन्सिलचं ड्रॉइंग दप्तरी ठेवण्यासाठी शाईने गिरवायला घेतलं. गिरवताना आम्ही कागद फिरवत राहतो, म्हणजे हाताची ठेवण मोडत नाही आणि ओल्या शाईवर मनगट घासत नाही. मी कागद उलटा केला. एरवी मोठं घर माझ्या पोटाशी आणि कॉटेजेस पलीकडे असायच्या. आता कॉटेजेस माझ्या पोटाशी आल्या. माझ्या बेडकाच्या पिल्लांची ओळ एका सुंदर, ऐसपैस वळणाने समोरून गेली होती. मी ताटावर बसावं आणि ताटाची पलीकडची कड दिसावी तशी.

पेन माझ्या हातात तसंच राहिलं. पार्कं गोलाकार असतात. कमीत कमी कुंपणात जास्तीत जास्त जमीन घेरायची तर गोल घ्यावा लागतो. म्हणून पार्कचा बांध नेहमी बाहेरच्या अंगाला फुगतो. आणि हा बांध मोठ्या घराच्या अंगाला फुगला होता. मोठं घर बाहेर होतं. ते शेकडो वर्षांनी बांधलेलं, पार्क मोडून गेल्यावर. आत होत्या त्या कॉटेजेस, वाफे, ओढा. आत होता लेन. आणि चर लेनच्याच अंगाला होता. आतल्या अंगाला.

मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्याने भागलं असतं तर बरं होतं.

ही चूक आमच्या ऑफिसात दुसऱ्या कुणी केली नसती, असं मला आजही वाटतं. मार्गारेटने आधी विचारलं असतं, पार्क कुठल्या बाजूला? मला तो प्रश्न पडलाच नाही. मोठं घर ते आत, आणि तीन बैठी घरं ती बाहेर, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. ते मी गावकुसाबाहेरच्या घराण्यातून शिकूनच आले होते. दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या मातीवर, मी माझ्या आजोबांचं गाव बघत होते आणि लेनला मी न विचारता गावाबाहेर बसवलं होतं.

आणि दुसरी गोष्ट तर त्याहून लागली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आजोबांचा नियम मी साऱ्या ऑफिसला पाठ करून घेतला आणि स्वतः एका बाजूने चालून घरी आले. आजोबांना उभ्या आयुष्यात शिवेवर कुणी चहा विचारला नाही. त्यांच्या नातीला विचारला, आणि ती म्हणाली, वेळ नाही. मला त्या टेबलाशी बसून रडू आलं.

मी मार्गारेटच्या खोलीत गेले. "मला रिपोर्ट मागे घ्यायचाय."

"कुठला भाग?"

"सगळा. मी उलट वाचलं."

तिने ड्रॉइंग पाहिलं, उलटं करून पाहिलं आणि चष्मा काढला. "तुला कळतंय ना, ती कंपनी तुझे मागचे सगळे रिपोर्ट उघडायला लावेल? म्हणतील, हिला आत-बाहेर कळत नाही."

"बरोबरच म्हणतील. उघडू दे."

तिने चष्मा मिटून खिशात ठेवला. मग म्हणाली, "कौन्सिलला मी फोन करते. तू उद्या सकाळी तिथे जा." एकतीस वर्षांत तिने माझ्यासाठी केलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट, आणि तिने ती कोट घालता घालता केली.

सकाळी मी पोचले तेव्हा माती उकरणारं मशीन आधीच कामाला लागलं होतं. दाट धुकं होतं. आवाज आधी ऐकू आला, मग पिवळा हात दिसला. मी वेलिंग्टन सांभाळत धावले आणि समोर जाऊन उभी राहिले. ड्रायव्हर तरुण, भला माणूस होता. थंडीने आणि भीतीने माझे दात वाजत होते, आणि मी सारखी "सॉरी, प्लीज, सॉरी" म्हणत होते. त्याने इंजिन बंद केलं, म्हणाला, "वरून सांगेपर्यंत थांबतो," आणि मला त्याच्या फ्लास्कमधली कॉफी दिली. अकराच्या सुमाराला त्याचा फोन वाजला. काम थांबलं.

तोवर बावीस पावलं बांध गेला होता. त्यावरचा एक ओकही. मी मोजली ती पावलं. ती माझी आहेत.

मशीनने कापलेल्या उभ्या कडेपाशी मी गुडघ्यांवर बसले. मातीत सगळं लिहिलेलं होतं. बांधाखाली दबलेल्या जुन्या गवताची काळी रेघ, आणि लेनच्या अंगाला माझ्या उंचीएवढा खोल, शतकानुशतकं गाळाने भरत आलेला चर. याहून स्वच्छ पुरावा मला नोकरीत कधी मिळाला नाही. मिळाला तोही बांध कापला म्हणून.

धुकं जरा विरळ झालं तेव्हा पलीकडे लेन उभा असलेला दिसला. टोपी हातात. आमच्यामध्ये आता बांध नव्हता, नुसती तुडवलेली माती होती.

मी म्हटलं, "मी चुकले, लेन. तुमचे वडील खरं सांगत होते. मी चुकीच्या बाजूला उभी होते."

त्याने पडलेल्या ओककडे बघितलं. मला वाटलं, आता हा पाठ फिरवणार, आणि फिरवली असती तर ते रास्तच होतं.

"आता तरी चहा घेशील?" तो म्हणाला.

मी त्या फटीतून पलीकडे गेले. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बांध दिसत होता. चरापासून वर चढत गेलेला, माथ्यावर त्याने निजवलेली हेज, आणि तिच्यावर जानेवारीचं पांढरं आभाळ. वरच्या कुरणातून तो मला कमरेएवढा दिसला होता. इथून तो चांगला दुप्पट होता. हरणाला असाच दिसत असणार. मी कप दोन्ही हातांत धरून बघत राहिले. आमच्या घराण्यात शिवेच्या आतल्या अंगाला बसून चहा पिणारी मी पहिलीच. आणि आतून बघितलं तर आतही काही फार मोकळं नव्हतं, हेही तेव्हाच कळलं.

बांध वाचला. रस्ता दुसरीकडून गेला. माझे मागचे रिपोर्ट खरंच उघडले गेले. दोन ठिकाणी किरकोळ चुका निघाल्या, त्या मी मान खाली घालून दुरुस्त केल्या. बावीस पावलांची फट तशीच आहे. कंपनीने माती आणून भरून द्यायची तयारी दाखवली होती. लेन म्हणाला, "खोटा बांध नको." आता त्या फटीत ओल्या मातीवर कधी कधी हरणांचे खूर उमटलेले दिसतात. विक्रम दर फेब्रुवारीत त्याचा किल्लेवाला ग्रुप घेऊन येतो, आणि मी त्यांना एका बाजूने नेते, दुसऱ्या बाजूने आणते. मीरा थर्मासमधून चहा आणते. लेन तीन हिवाळ्यांपूर्वी गेला.

पण त्या वर्षीच्या वसंतातलं एक सांगायचं राहिलं. नवा रिपोर्ट तयार झाला तेव्हा मी त्यात शेवटी दोन वाक्यं घातली. मार्गारेट म्हणाली, "असं रिपोर्टात कुणी लिहीत नाही." मी म्हटलं, "असू दे." तिने असू दिलं. एक प्रत घेऊन मी लेनकडे गेले. त्याने ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि टेबलावर ठेवली.

"चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे," तो म्हणाला. "तूच वाच."

चष्मा त्याच्या शर्टच्या खिशातून डोकावत होता. ही सबब माझ्या ओळखीची होती. कुणी कागद पुढे केला की माझ्या आजोबांचाही चष्मा असाच हरवायचा, आणि त्यांच्याकडे तर चष्माच नव्हता.

मी वाचलं, "हा बांध हरणांच्या पार्कचा आहे, ही माहिती येथील रहिवासी लेन यांनी पहिल्याच दिवशी दिली होती आणि ती त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळाली होती. सर्वेक्षकाने ती ऐकली नाही, कारण ती बांधाच्या एकाच बाजूने चालली."

लेन खिडकीबाहेर बघत होता. किटली उकळून आपोआप बंद झाली.

"पुन्हा वाच," तो म्हणाला. "सगळं नको. बाप येतो तिथून."